गुलाल कुठं पडला व्हता

विलायतेत राणीसरकार वारल्याची बातमी जुन्नरात आली, तेव्हा मास्तरांनी शाळा सोडून दिली, पेठेतल्या दोघा-तिघांनी दुकानाच्या फळ्या लावल्या, आणि गेनूतात्या डाकवाल्यांनी विचारलं, "त्या दिशी गुलाल कुठं पडला व्हता?"

"गेनू, अरे राणी गेली," मास्तर म्हणाले.

"गेली, वाईट झालं. पर कंच्या तारखंला? आन् आपल्याकडं त्या दिशी कोण जितलं?"

आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलांच्या शर्यतीत गाडा पहिला आला की गुलाल, पैलवानानं कुस्ती मारली की गुलाल. तेव्हा गुलाल कुठं पडला म्हणजे जिंकलं कोण, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. पण तात्या तो कुणालाही, कुठंही विचारत. नवरदेव बोहल्यावर उभा असताना त्याच्या मामाला विचारत. तेराव्याच्या पंगतीत बुंदी वाढणाऱ्याला विचारत. एकदा ओझरच्या फडात एक पैलवान दुसऱ्याच्या मानेवर गुडघा देऊन बसला होता, तर हे गृहस्थ थेट आखाड्याच्या कडेला जाऊन खालच्याला म्हणतात, "गड्या, गेल्या खेपंला तू जितलास तो वार कंचा?" तो बिचारा बोलायच्या अवस्थेत नव्हता. वरचाच ओरडला, "तात्या, अगोदर चीत तर करू द्या."

पेठेत आमचं कापडाचं दुकान. आजोबा मारवाडातून आले, पण मला तिकडची बोली चार शब्दांपलीकडं येत नाही. मी शिव्यासुद्धा जुन्नरीच देतो, आणि त्यातल्या बऱ्याचशा मनातल्या मनात तात्यांवर खर्ची पडल्या आहेत. गिऱ्हाईक लुगड्याचा पदर हातात धरून बसलेलं असावं, सौदा आता होतो की मग होतो असं वाटावं, आणि ओट्यावरून हे विचारणार, "बाई, तुमचं गाव कंचं? तिकडं गाडे पळत्यात का?" झालं. बाई गाड्यांवर बोलायला लागणार आणि लुगडं तसंच राहणार.

तात्या जुन्नर ते घाटघर डाक नेत. हातात घुंगरांची काठी, खांद्यावर थैली. मास्तरांचं वर्तमानपत्र त्या थैलीतूनच येई, पण तात्यांना अक्षरओळख नव्हती. ते शाळेच्या पायरीवर बसत आणि मास्तर मोठ्यानं वाचून दाखवेपर्यंत हलत नसत. बातमी काय याच्याशी देणंघेणं नाही. तारीख पाहिजे. ती तारीख घेऊन ते भटजींकडं जात, पंचांगातून तिची तिथी करून घेत, आणि मग त्या तिथीला कुणाचा गाडा आला, कुणी कुणाला पाडलं याचा शोध सुरू. अशी सगळ्या जगाची उलाढाल त्यांनी आमच्या बैलांबरोबर एका जुवाला जुंपली होती. दिल्लीचा दरबार आणि डिंगोऱ्याच्या पांढऱ्या खोंडाची शर्यतीतली पहिली बारी एका दिवसाची. जपाननं रशियाची गलबतं बुडवली, त्या दिवशी ओझरला एका हडकुळ्या पोरानं नावाजलेला मल्ल आडवा केला. "रशियाचं काय ते त्येंचं त्येनला ठावं," तात्या म्हणत, "पर त्या पोरानं टांग लई झ्याक मारली, राव."

लोकांनी थापा मारून पाहिल्या. त्या चालत नसत. "त्या दिशी एकादस व्हती. कोण फड भरवतंय? खोटं बोलू नगा, माजा हिशेब चुकतो." एवढं म्हणून ते उठून जात, आणि थाप मारणाराच ओशाळा होई.

एवढं सगळं करून या माणसाला खेळाची आवड म्हणाल तर अजिबात नाही. गाडा सुटला की लोक गाड्याकडं बघत, तात्या लोकांकडं बघत. गुलाल उधळला की बाजूला उभे राहत, अंगावर कण पडू देत नसत, आणि माखलेल्या एकेका तोंडाकडं निरखून बघत. हसताना मी त्यांना पाहिलं नाही. तेलघाणीच्या मागं एका खोलीत एकटेच राहत, एकदाच चूल पेटवत, आणि दोन्ही वेळा तेच खात.

एका पितृपक्षात भटजींशी त्यांची जुंपली, ती नेमकी आमच्या ओट्यावर. भटजी म्हणत होते, "अरे, बायको अहेवपणी गेली ना तुझी? नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांना अविधवा नवमी लावून दिली आहे. त्या दिवशी घास ठेव आणि मोकळा हो. किती वर्षं हे पंचांग मला उलटंपालटं करायला लावणार आहेस?"

"नवमीला न्हाई ठेवायचा," तात्या म्हणाले.

"का?"

"त्या दिशी समद्या मुलखाच्या बाया येत्यात. आमची भागा लई बुजरी. पंगतीत मागं मागं सरायची, वाढणारा पुढून निघून जायचा. तिला तिचा येगळा दिस पायजे. तवा कुटं जेवंल ती."

भटजी पंचांग गुंडाळून निघून गेले. माझी मात्र त्या दिवशी सकाळपासून दोन गिऱ्हाइकं मोडली होती. मी म्हणालो, "तात्या, बायकोचा दिवस हवा आहे, तर रशिया-जपान कशाला हवेत? कुस्त्यांचा काय संबंध?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. खाली मान घालून, पायाच्या अंगठ्यानं ओटा उकरत सांगितलं.

प्लेग जुन्नरात शिरला त्या माघाची गोष्ट. तात्या डाक घेऊन वर घाटघरला गेले आणि साथीच्या नाक्यावर त्यांना अडकवून ठेवलं. सुटून आले तर डिंगोऱ्याच्या शिवारातलं त्यांचं खोपट जाळलेलं, आणि भागा गेलेली. तिला नेलं दोघांनी. एक तिचा भाऊ, तोही आठ दिवसांत गेला. दुसरा वाटसरू, त्याचा पत्ता नाही. शेजारच्या खोपटात एक म्हातारी तेवढी वाचली होती. तिला तिथी कुठली आठवणार? रोज कुणी ना कुणी जात होतं. पण एक गोष्ट तिला पक्की आठवत होती.

"मातारी म्हनली, मयत उचललं तवा वाटंनं एक जवान गडी चालला व्हता, डोईपासून गुलालानं माखलेला. म्हंजी त्या दिशी कुटं तरी गुलाल पडला व्हता, शेट. कुटं, त्ये कळलं की तिथी गावली. लोकांना साल आठवत न्हाई, म्हनून ही राणी आन् दरबार. त्येला धरून धरून मागं जातो मी."

मी गिऱ्हाईक नसताना लुगड्यांच्या घड्या मोडल्या आणि परत घातल्या. तो गडी मी होतो.

पेठ ओस पडल्यावर आमचं बिऱ्हाड डिंगोऱ्याच्या शिवारातच होतं. सरकारनं जत्रा बंद केल्या होत्या. तरी आंबेगावच्या हद्दीला लागून एका गावानं माघी पौर्णिमेला चोरून गाडे पळवले, भल्या सकाळी बाऱ्या उरकल्या, आणि मी वडिलांचा डोळा चुकवून तिथं नाचून आलो. दिवस कलताना ओढ्यापाशी पोचलो, तो समोरून दोघं जण एक मयत घेऊन येत होते. मागचा खोकत होता, त्याचा तोल जात होता. पुढचा म्हणाला, "पावणं, जरा खांदा द्या." मी ओढ्यात उतरलो आणि पळालो. त्यांनी हाक मारली, ती ऐकू येत होती. मला मरायची भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं.

तात्यांना त्या दिवशी मी काही बोललो नाही. नंतरही नाही. रोज सकाळी ठरवत होतो, आज सांगू. मग घुंगरं वाजत, ते ओट्यावर येऊन टेकत, आणि मला त्यांच्याकडं बघवत नसे. असं सव्वा वर्ष गेलं. मला लाज वाटत होती, आणि आजही वाटते.

मग एका पौषात ते दुखऱ्या पायानं आंबेगावच्या हद्दीवरच्या त्या गावापर्यंत चालत जाऊन आले. कुणी तरी सांगितलं होतं की तिथं चोरून गाडे पळाले असतील. पाटलानं देवाची शपथ घेऊन सांगितलं, त्या साली आमच्याकडं जत्रा झाली नाही, आणि परत चौकशीला आलास तर बांधून ठेवीन. परत येऊन तात्या ओट्यावर बसले, पायाचं फडकं सोडलं, आणि म्हणाले, "आता विचारायला कुनी ऱ्हायलं न्हाई, शेट. म्या मेलो की तिला दिस न्हाईच."

मी म्हणालो, "माघी पौर्णिमा."

"काय?"

"माघी पौर्णिमा, तात्या. पाटील खोटं बोलला. गाडे पळाले. मी तिथं होतो. ओढ्याच्या वाटेवरचा गुलालाचा गडी मीच."

मी पुढचं सांगायला तोंड उघडलं होतं. वाक्य जुळवून ठेवलं होतं.

ते म्हणाले, "म्हंजी तिसरा खांदा तुमचा. मातारीला तेवढंच दिसलं न्हाई, मधी झाडी आली. मला वाटायचंच. मयत बघून माणूस पुढं कसं जाईल?"

पुढच्याच महिन्यात माघी पौर्णिमेला त्यांनी पहिल्यांदा भागाच्या नावानं ताट केलं. भटजी आले. मला बोलावणं होतं. आम्हा जैनांत हे नसतं, पण मी गेलो. जाताना ठरवून गेलो होतो, आज सांगायचंच. तात्या नवं धोतर नेसले होते. त्यांनी मला भटजींच्या शेजारी पाटावर बसवलं, आपल्या हातानं खीर वाढली, आणि पानासमोर उकिडवे बसून विचारलं, "शेट, खांदा कंचा दिलता? उजवा का डावा?"

"उजवा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. मग तो तसाच ठेवून ते भटजींना म्हणाले, "जेवू द्या त्येनला सावकाश."