मधला मणका

टण्ण.

सकाळच्या शांततेत चमचा फरशीवर पडला आणि गिरक्या घेत ओट्याकडे निघाला. पलीकडच्या खोलीत भिंगरी झोपेतच कुशीवर वळली. पाच वर्षांच्या त्या पोरीची झोप म्हणजे घरातली सगळ्यात नाजूक वस्तू. ती मोडू नये म्हणून तिच्या आईने श्वास रोखला, झटकन वाकून चमचा पकडला, आणि तशीच राहिली. चमचा हातात आला होता. कंबर हाताबाहेर गेली होती.

नवरा डोळे चोळत आला. बायकोचं काहीतरी हरवलंय असं समजून तोही बिचारा गुडघे टेकून ओट्याखाली शोधू लागला. काय हरवलंय हे विचारायचं त्याला बऱ्याच वेळाने सुचलं. सासूबाई दारातच थांबल्या. त्यांनी सुनेला डोळे भरून पाहून घेतलं.

"सात वर्षांत पहिल्यांदा वाकलीस गं," त्या म्हणाल्या.

"वाकले नाही, अडकलेय," ती फरशीकडे बघत म्हणाली.

मूळ दुखणं टाचेचं होतं. कापडाच्या दुकानात सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत उभं राहायचं, तागे काढायचे, उलगडायचे, गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की पुन्हा गुंडाळायचे. गेले तीन महिने उजवी टाच टेकली की खिळा घुसल्यासारखं व्हायचं. म्हणून ती चवड्यावर चालू लागली, आणि चवड्यावर चालून चालून कंबरेने एक अंग धरलं. दुकानात खुर्ची एकच, गल्ल्यामागची, मालकांची. तिने तीनदा साधं स्टूल मागून पाहिलं होतं. मालकांचं उत्तर ठरलेलं असायचं, "बाई, बसलेल्या माणसाकडून माल उठत नाही."

सासूबाई म्हणाल्या, आज सुट्टी घे.

"सुट्टी घेतली की म्हणतील, आता घरीच बसा. मला बसायचंच असेल तर मी दुकानात बसेन."

दुकानाच्या गल्लीच्या तोंडाशी मणके जागेवर बसवणाऱ्या एक कायरोप्रॅक्टर बाई होत्या. नवऱ्याने तो शब्द तीनदा म्हटला, तिन्ही वेळा वेगळा. सासूबाईंनी त्या फंदात न पडता 'हाडं मोडणारी' असं सुटसुटीत नाव ठेवून टाकलं. काटकोनात वाकलेली ती घराबाहेर पडली. शाळेला सुट्ट्या होत्या, म्हणून पिशवी धरायला भिंगरी सोबत.

"आई, आज तुला माझ्याएवढंच दिसतंय," भिंगरी खुशीत म्हणाली. मग तिने वाटेतल्या मुंग्यांची रांग, कुणाचं तरी निळं बटण, भिंतीच्या कोपऱ्यातला गोगलगायीचा शंख, असं आपलं सगळं राज्य आईला दाखवून टाकलं. रोज घाईत ओढत नेताना पोर मध्येच का थांबते, ते आईला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरबाई चणीने बारीक, बोलणं मोजकं आणि करडं. त्यांनी टाच दाबली, दोन्ही पाय जुळवून पाहिले, पाठीवरून बोटं फिरवली.

"वरचा मणका ठीक आहे. खालचा ठीक आहे. मधला हटवादी आहे, जागा सोडून बसलाय."

मग तिला कुशीवर वळवून त्यांनी श्वास सोडायला सांगितलं. ती श्वास कशाला सोडू म्हणून विचारणार, तोच काडकन आवाज झाला. भिंगरीने डोळे घट्ट मिटून घेतले. उघडले तेव्हा आई सरळ उभी होती आणि पुन्हा उंच झाली होती, याचं तिला थोडं वाईटच वाटलं.

टाच एका दिवसात बरी व्हायची नाही, डॉक्टरबाईंनी बजावलं. मऊ तळाची चप्पल, रोजचे व्यायाम, आणि पंधरा दिवस उभं राहणं बंद. दुकानात खुर्ची नाही, असं तिने सांगितल्यावर त्यांनी मालकांचा नंबर मागून घेतला.

आता दुकान होतं तिघा भावांचं. चालवायचे मधले, पण ऐकावं लागायचं थोरल्या वहिनींचं. वहिनी फोनवर नाव सांगत नसत. हुकूम सुनावला की ठेवून देत. गेल्याच आठवड्यात त्यांनी दम भरला होता, की तुझ्याच्याने दुकान होत नसेल तर गल्ल्यावर मी माझा माणूस बसवीन. मालक दाढी करत असताना फोन वाजला. एका गालाला साबण, त्याच गालावरच्या कानाला फोन.

"दुकानातल्या बाईंचा मणका मी बसवलाय. पंधरा दिवस उठवायचं नाही," एक करडा आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

साबणातून कानात शिरेपर्यंत त्या मणक्याचा माणूस झाला होता. वहिनींनी आपला माणूस म्हणून दुकानातल्या बाईंनाच गल्ल्यावर बसवलं, असा मालकांनी अर्थ लावला.

ते दुकानात आले तेव्हा ती त्यांच्या खुर्चीत बसली होती. पाय रिळांच्या खोक्यावर, पायाशी भिंगरी चिंध्या जोडत बसलेली. भाषण तिने वाटेतच पाठ केलं होतं.

"मी बसलेय, आणि उठणार नाही."

"बसा ना. कुणी बसवलंय ते कळलंय मला."

सगळं भाषण तिला गिळावं लागलं. "पंधरा दिवस सांगितलेत त्यांनी. मग तपासणार आहेत. वरपासून खालपर्यंत."

मालकांनी भिंतीला हात टेकला. "आणखी काय म्हणाल्या?"

"वरचा ठीक आहे, खालचा ठीक आहे. मधलाच हटवादी आहे. पुन्हा सरकला तर दाबून जागेवर आणीन म्हणाल्या."

जन्मभर घरीदारी 'मधला' म्हणवून घेतलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं? त्यांनी मीटरची पट्टी उचलली आणि ते उभे राहिले.

दिवसभर ते उभेच होते. गिऱ्हाइकं सरळ खुर्चीकडे बघून भाव विचारत. पडद्यांचं कापड घ्यायला आलेल्या एका बाईंनी तर सात तागे काढायला लावून, एकही न घेता, जाताना हळूच सांगितलं, "मालकीणबाई, तुमचा माणूस फार हळू आहे हो." दुपारी मालक एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलू लागले, तेव्हा तिला क्षणभर उठावंसं वाटलं. पण टाचेने आतून डोळे वटारले.

चार वाजता त्यांनी वरच्या फळीवरचा जाड तागा ओढला, आणि कट्ट. तागा कवेत, मालक काटकोनात.

"बाई, हा धरा."

"मला उचलायची परवानगी नाही."

शेवटी भिंगरीने कापडाचं टोक धरलं आणि दुकानभर धावत सुटली, तेव्हा कुठे तागा हलका झाला. मालकांची तिने गल्लीच्या तोंडाशी, डॉक्टरबाईंकडे रवानगी केली.

दुसऱ्या दिवशी ते सरळ चालत आले. काखेत घरची घडीची खुर्ची.

"काल फोनवर वहिनी नव्हत्या," ते दारातूनच म्हणाले. "तो आवाज डॉक्टरबाईंचा."

सगळा घोटाळा त्यांनी सांगितला. ती कंबर धरून हसली आणि मग अचानक हसायची थांबली.

"म्हणजे काल तुम्ही वहिनींना भिऊन गप्प बसलात?"

"मग काय, तुमच्या टाचेला भिऊ?"

कालपासून मिरवलेला विजय कुणा दुसरीचाच निघाला होता. तिने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"आज खरं काय ते कळलंय ना? मग आता सांगा मला, उठा म्हणून. मीही बघते."

मालकांनी तोंड उघडलं. तोच कंबरेत कळ आली आणि त्यांनी दोन्ही हातांनी कंबर धरली.

"मलाही पंधरा दिवस सांगितलेत," ते म्हणाले. "बसा तुम्ही. फक्त माझी खुर्ची सोडा, या घडीच्या खुर्चीवर या."

"ही माझ्या पाठीला बसलीय."

एवढ्यावर वाद संपला. मालकांनी घडीची खुर्ची उलगडली, गल्ल्याच्या दुसऱ्या बाजूला मांडली आणि कण्हत टेकले. दोघंही सरळ पाठीने समोर बघत बसले. तिला आतून इतकं बरं वाटत होतं, की भिंगरीला ओढून तिने उगाचच तिच्या केसांत बोटं फिरवली.

तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आलं. त्याला सगळ्यात वरच्या फळीवरचा राखाडी तागा बघायचा होता.

"हो, दाखवते ना," ती म्हणाली.

"लगेच दाखवतो," मालक म्हणाले.

कुणीच हललं नाही. गिऱ्हाइकाने फळीकडे बघितलं, मग घड्याळाकडे. भिंगरीने आधी आईकडे बघितलं, मग मालकांकडे, मग पुन्हा आईकडे.

"आई," तिने विचारलं, "मग आता उभं कुणी राहायचं?"