बिनकागदाचं झाड

दाजी परब यमालासुद्धा कागद मागेल. "सही-शिक्को खंय?" म्हणेल आणि रेड्याचे कागद तपासत बसेल. तोवर यम कंटाळून दुसऱ्या घरी जाईल, आणि आमच्या नशिबी दाजी आहेच.

तीस वर्षं हा माणूस इन्सुलीच्या नाक्यावर ट्रकांचे कागद बघत बसला. निवृत्त होऊन आमच्या शेजारी आपल्या घरी आला, पण खोड काही गेली नाही. मासेवाली आली की टोपलीवरचं फडकं उचलून विचारायचा, "ह्या बांगड्याचो कागद खंय?" एकदा ती वैतागली. "दर्यात तलाठी बसता काय, दाजीनू?" त्या दिवशी यानं मासे घेतले नाहीत, कुळथाची पिठी खाल्ली. बरी अद्दल!

इथवर हसण्यावारी नेलं. पण पोरीच्या साखरपुड्यात यानं कहर केला. रेश्मा एकुलती एक, आई लहानपणीच गेलेली. पुण्याला एका रोपवाटिकेत नोकरी करते, तिथलाच मुलगा तिनं पसंत केला. पाहुण्यांच्या हातात चहा, आणि हा घरापुढच्या भर खळ्यात मुलापुढे हात पसरून उभा! "जन्मदाखलो हाडलंस? पगाराचो कागद? सातबारो?"

मुलाच्या बापानं कपबशी खाली ठेवली. रेश्मा एवढंच म्हणाली, "माणसांचे कागद मागतत काय, बाबा?" आणि पाहुण्यांबरोबरच निघून गेली. लग्न तिकडेच झालं. चार वर्षं फोन नाही. हाही तसाच. सुंभ जळला तरी पीळ काही जळत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर पुण्याहून रेश्माचा एक खोका आला. मी गेले तेव्हा दाजीनं तो उघडलेला होता. आत चहाच्या पेल्याएवढी कुंडी, तिच्यात खडी, आणि खडीत झाड. झाड कसलं मेलं! सात-आठ हिरवे वाटाणे, वरून चीर दिलेले. फांदी नाही, धड पान नाही.

"दाजीनू, ह्याची उसळ करतलात काय?" मी विचारलं.

तो हसला नाही. म्हणाला, "कागद नाय ह्येका. नाव शोधूक व्हया."

झालं! दर रविवारी दहा वाजता त्या वाटाण्यांचा फोटो रेश्माला जाऊ लागला. खाली सरकारी मराठी: 'सदर झाडाचे नाव कळवावे.' तिचं उत्तर आलं, 'अंगावर ठिपके किती आहेत?' की हा भिंग घेऊन ठिपके मोजायला बसला. पुढच्या रविवारी 'चीर किती खोल आहे?' त्याच्या पुढच्या रविवारी आणखी काही. बापाची शंका संपेना, लेकीची चौकशी संपेना. मला हे वाचून दाखवायचा, आणि माझी चुलीवरची भाजी करपायची.

उन्हाळ्यात ते वाटाणे सुकले. वर तपकिरी, पातळ साल तेवढी उरली. मला दया आली म्हणून मी तांब्याभर पाणी घेऊन गेले, तर हा धावत आला. "वैनी, हात काढा! मरूक नाय ता, झोपलाहा! थंडीत उठतला. आता पाणी घातलात तर कुसान जायत."

पावसाळाभर ती कुंडी चुलीवरच्या फळीवर, सुक्या बांगड्यांच्या शेजारी. दाजीच्या खाटेवर कौलं गळत होती, तिकडे बघायला याला वेळ नव्हता. दाजी पिसो झालो, डोकं फिरलं त्याचं, असं मी साऱ्या वाडीत सांगून टाकलं.

थंडी पडली. सुकी साल फाटून आतून नवे हिरवे वाटाणे निघाले, आणि एकाच्या चिरेतून इवलंसं जांभळं फूल. हा माणूस खळ्यात अक्षरशः नाचला! मी सुनेचा मोबाईल आणून त्या फुलावर धरला. एका मिनिटात नाव आलं. मी ओरडले, "कोनोफायटम! कळवा रेश्माक, आणि सुटा एकदाचे!"

दाजीचा चेहरा पडला. "चुकीचा आसा ता. मोबाईलाक काय कळता?"

मी म्हटलं, थांब, मीच कळवते. रेश्माला मोबाईलवर निरोप लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी दाजी खडी आणायला कसालला गेला, तेव्हा सोबत जोडायला फोटो काढावा म्हणून मी कुंडी उचलली. खाली बशीत एक चिठी होती, घडी उलगडून उलगडून मऊ पडलेली. अक्षर रेश्माचं.

'कोनोफायटम. हिवाळ्यात वाढते. उन्हाळ्यात मेल्यासारखे दिसते, पण जिवंत असते. बाबा, हा घ्या कागद.'

म्हणजे नाव याला पहिल्या दिवसापासून ठाऊक. आणि याला ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक! तरी वर्षभर दोघं ठिपके मोजत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मेलं! मी चिठी होती तशी ठेवली आणि मोबाईलमधला निरोप पुसून टाकला.

रविवारी दाजी फोन घेऊन माझ्या पायरीशी आला. रेश्माचं उत्तर आलं होतं: 'फोटोवरून नक्की सांगता येत नाही. प्रत्यक्ष बघायला हवे. नाताळात आम्ही दोघे येऊ का?'

त्यानं ते मला दोनदा वाचून दाखवलं. मग हळूच म्हणाला, "वैनी, जावयान कागद हाडूक नको, असा लिवू काय?"

खोचक काहीतरी जिभेवर आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, "लिवा."