टिबचं पोट आणि आफ्काचा वाढदिवस

उठसूट डॉक्टरकडे धावणारी माणसं नेदरलंड्सच्या उत्तरेला, आमच्या फ्रिसलंडात जन्मालाच येत नाहीत! ताप? झोपा. पाय मुरगळला? सोमवारी बघू. खुद्द डॉक्टरही हेच सांगून घरी पाठवतात. त्यामुळे माझ्या बायकोच्या, आफ्काच्या, साठाव्या वाढदिवशी सकाळीच आमचा बोका टिब वाळूच्या ट्रेत बसून कुंथू लागला, तेव्हा मी छाती काढून निदान केलं, "बद्धकोष्ठ! थांबू या, आपोआप सुटेल."

"डाउवे, कालपासून खाल्लं नाहीये रे त्यानं!"

टिब म्हणजे आफ्काचा जीव की प्राण. मुलगी ऑस्ट्रेलियाला गेल्यापासून ती मनातलं सगळं त्यालाच सांगायची.

"उपास मानवतो त्याला!" मी म्हणालो आणि केक कापायला घेतला.

दुपारी पाहुणे गोल करून बसले, मांडीवर केक, हातात कॉफी. टिब मात्र कधी भांडी घासायच्या सिंकमध्ये, कधी हिल्दा आत्याच्या कोटावर बसून कुंथत होता. मधेच शेपटीखाली चाटायचा, मधेच असा ओरडायचा की ऐकवत नव्हतं.

"आमच्या गाईचं असंच झालं होतं. तेल पाजा!" मेहुणा वोब्बे म्हणाला.

पाजलं! निम्मं टिबच्या तोंडात, निम्मं माझ्या पँटवर, वर ओरखडे फुकट. तेवढ्यात टिब आत्याच्या पांढऱ्या हॅटवर जाऊन बसला आणि तिथे एक गुलाबी थेंब उमटला.

"माझी हॅट!" आत्या किंचाळली.

सगळ्यांनी हॅटकडे पाहिलं. आफ्कानं टिबकडे पाहिलं. "डाउवे, यानं शू कधी केली होती?"

"ट्रे तर सकाळपासून कोरडा ठणठणीत! मला वाटलं, काय स्वच्छ बोका आहे!"

तिनं जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडची बाई जवळजवळ ओरडलीच, "बोका आहे, जोर लावतोय आणि लघवी होत नाही? अहो, वाट तुंबलीय त्याची! आत्ताच्या आत्ता आणा. आणि तेलबिल काही पाजू नका!"

वोब्बेनं तेलाची बाटली हळूच पाठीमागे लपवली.

आमची गाडी पाहुण्यांच्या गाड्यांमागे अडकलेली. सर्वांत पुढे, रस्त्याच्या तोंडाशी वोब्बेची; ती हलल्याशिवाय कुणाचीच निघेना. तिची किल्ली त्याच्या कोटात, आणि कोट सगळ्यांच्या कोटांच्या ढिगात तळाशी! किल्ली सापडेपर्यंत टिब ओरडायचाही थांबला. मला मूर्खाला वाटलं, आराम पडला!

डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला. "मूत्राशय दगडासारखं झालंय. नळी घालून मोकळं करते, पण तुंबलेल्या लघवीचं विष रक्तात भिनलंय. सकाळी आणला असतात तर..." नळी जायच्या आतच टिब गेला. आफ्का त्याच्या कानाशी काहीतरी सांगत होती. मध्येच थांबली.

घरी आलो तर पाहुणे तसेच गोलात. आमच्याकडे यजमानांचा निरोप घेतल्याशिवाय पाहुण्यांना उठता येत नाही. आफ्का टिबला नेलेली टोपली रिकामीच पोटाशी धरून दारातच उभी राहिली. मला रडू येत होतं, पण रडायचा हक्क माझा नव्हता.

एवढ्यात मागून योका मावशी आली, नेहमीसारखी उशिरा, हातात फुलं, झाल्या प्रकाराचा पत्ता नाही. आमच्याकडे वाढदिवसाला एकट्या उत्सवमूर्तीचं नव्हे, घरच्या सगळ्यांचंच अभिनंदन करतात. मावशीनं माझ्या गालांचे तीन मुके घेतले.

"अभिनंदन, डाउवे! किती आनंदाचा दिवस!"

आणि मी म्हणालो, "धन्यवाद."

सवय हो, दुसरं काय!