मृगातला गुलाबी ढग

फूटपट्टी घेऊन पिक्चरला जाणारा माणूस भिवंडीत मी एकच पाहिला: आमचे भोईरमास्तर. यानांचा, परग्रहांचा पिक्चर आला की व्हिडिओ पार्लरमध्ये पहिल्या रांगेत हजर. पडद्यावर रंगीत ढग दिसला की उठून पार्लरवाल्याला ओरडत, "रोको, इकबालभाई!" चित्र थरथरत थांबे. मग मासिकातून कापलेला तेजोमेघाचा फोटो टीव्हीशेजारी धरून मास्तर मापं घेत.

"ह्यो घोड्याच्या तोंडाचा ढग मृग नक्षत्रातला हाय! सरळ उचललाय. निदान नाव तरी द्यायचं!"

मागून यंत्रमागावरचे लूमवाले कामगार कावत, "चाचा, बैठो! ड्युटी पे जाना है!"

गंमत म्हणजे मास्तरांचं स्वतःचं पोट नकलेवरच चालायचं. आमच्या कारखान्यात ते डिझाइन मास्तर. शेठ सुरतेची साडी टेबलावर टाकत आणि मास्तर आठ दिवसांत ती चौकटीच्या कागदावर हुबेहूब उतरवत. एकदा मी टोमणा मारलाच. ते शांतपणे म्हणाले, "सुरतवाले आपली उचलतात, आपुन त्यांची. आकाशानं कुनाची उचलली?"



जन्मात एकच डिझाइन त्यांनी स्वतः काढलं, तेही आकाशातूनच. जांभळ्या साडीच्या पदरावर मृगातलाच एक गुलाबी तेजोमेघ, मध्ये चार पांढरे ठिपके. ते चार तारे तिथे खरोखरच आहेत म्हणे. एकच साडी विणून घेतली, कोन गावी घरी नेऊन बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, दिली आणि कागद कुलपात टाकला. वहिनी ती नेसून बाजारात निघाल्या की मास्तर मुद्दाम चार पावलं मागून चालत.

पुढे वहिनी वारल्या. वर्षभरात शेजारच्या कारखान्यानं तोच पदर बाजारात आणला, चारही ठिपक्यांसकट. कुणीतरी वहिनींच्या अंगावर पाहूनच उतरवला असणार. माझं डोकंच फिरलं. तक्रारीचा अर्ज लिहून मी मास्तरांपुढे ठेवला.

"करा सही. तुमचं एकुलतं एक डिझाइन चोरलंय!"

मास्तरांनी पेन उचललं नाही. ते खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. भाजीची पिशवी घेऊन एक बाई पाठमोरी चालली होती. जांभळी साडी, गुलाबी पदर.

"ऱ्हाऊ दे, भाऊ. माझी साडी तर तिच्यासंगती गेली. नेसवूनच पाठवली मी तिला. आता दिसातून दोन-चारदा तरी समोरनं जाते."

मी अर्ज फाडला आणि ती बाई वळणापलीकडे जाईपर्यंत मीही खिडकीशी उभा राहिलो.