सामंतांना सगळं कळतं

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सामंत राहतात. त्यांच्या दारात कुणीही आलं, अगदी कुणीही, की त्याला आधी सामंतांची बदनामी करावी लागते. त्याशिवाय आत प्रवेश नाही.

बदनामीचं वाक्य ठरलेलं आहे. "सामंतांना सगळं कळतं, फक्त बायकोचं ऐकायचं तेवढं कळत नाही." मोठ्याने आणि एका दमात. मधे श्वास घेतलात की नापास, पुन्हा पहिल्यापासून! परवा पार्सलवाला वैतागला. "काका, ओटीपी द्या ना यार, मेरेको अजून अख्खी बेलवली फिरायचीये!"

"आधी वाक्य," सामंत म्हणाले.

बिचाऱ्याने म्हटलं. "पास!" असं ओरडून सामंतांनी त्याची पाठ थोपटली. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी तर काही काम नसताना बेल वाजवतात आणि ते वाक्य इतक्या मनापासून म्हणतात की ऐकत राहावं.

सामंत अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत ऑफिसर होते, सांडपाण्याच्या टाकीवर. पाणी आंबट झालं की त्यात चुना टाकायचा, हे त्यांचं आयुष्य. रिटायर झाले, टाकी सुटली, मग त्यांनी आमची डोकी धरली.

"मेंदू कशात बसलाय? पाण्यात!" जिन्यात मला अडवून त्यांचं सुरू. "श्वास नीट बाहेर पडला नाही की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ते पाणी आंबट होतं. लगेच मेंदूचा हुकूम सुटतो, श्वास घे! म्हणून तर कुणाला फार वेळ श्वास रोखता येत नाही. बघा करून!"

माझ्या हातात दुधाची पिशवी. दूध आंबायची वेळ आली तरी यांचा मेंदू संपेना. माणूस कामातून गेलाय, असं माझं ठाम मत होतं.

शेवटी एका दुपारी मी विचारलंच, "अहो, ही वाक्याची काय भानगड आहे?" सामंतांनी दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. काकूंची फुप्फुसं कित्येक वर्षं खराब आहेत, घरात ऑक्सिजनचं मशीन आहे, हे मला माहीत होतं.

"पूर्वी दम लागला की माझ्यावर ओरडायची. आता बरं वाटतंय म्हणते. खोटं नाही बोलत हो ती! पाणी रोजच आंबट राहिलं की शरीर त्यात हळूहळू चुन्यासारखा खार मिसळून घेतं, आणि मेंदू तक्रार करायचंच सोडतो. म्हणून रोज तिच्याकडून वाक्य म्हणवून घ्यायचं. तुटलं, की डॉक्टरांना फोन."

"मग आम्हाला कशाला छळता?"

"तिला एकटीला विचारलं की रडते. परीक्षा वाटते. सगळी बिल्डिंग देतेय म्हटल्यावर हसत देते. आणि वाक्य तिनेच निवडलंय."

इतका पिळू माणूस, पण मला अगदी गलबलून आलं.

गेल्या आठवड्यात मी वाटीभर बिरडं घेऊन गेले. बदनामी केली, पास झाले. मग काकूंची पाळी. नाकातली नळी सारखी करून त्यांनी हसतच सुरुवात केली.

"सामंतांना सगळं कळतं..."

आणि थांबल्या. श्वास घेतला. पुन्हा तेवढंच. "सामंतांना सगळं कळतं..."

लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच निव्वळ कौतुक! काकूंच्याही ते लक्षात आलं, त्यांना हसू फुटलं. सामंत हसले नाहीत. त्यांनी एका हाताने डॉक्टरांना फोन लावला, दुसऱ्या हाताने काकूंचा हात घट्ट धरला.

"अगं, पुढचं बोल ना," ते म्हणाले. "खरं ते पुढेच आहे."

काकूंनी मानेनेच खूण केली, तुम्ही म्हणा. सामंतांनी वाक्य म्हणायला घेतलं. एका दमात त्यांनाही जमलं नाही.