तीन प्रती करणारे अण्णा

ईशान, मीरा,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर सांगितलंत, की तुमच्या गावातल्या हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर कुणीतरी बाहेरून बंद पाडले. मग ईशानने विचारलं, "आजी, तुझ्या वेळी असलं काही नव्हतं ना?" मी "नव्हतं" म्हणाले आणि आमटी गॅसवर असल्याचं सांगून विषय बदलला. ते खोटं होतं. ज्या माणसामुळे ते खोटं मला इतकी वर्षं सांभाळता आलं, त्यांच्याबद्दल आता लिहून ठेवते. मला लवकरच ऐंशी पूर्ण होतील, आणि हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

एकोजीराव अण्णांनी आपल्या भाचीच्या लग्नाला दोन भटजी बोलावले होते. एक लग्न लावायला आणि दुसरा पहिल्याला काही झालं तर. पहिल्याला काही झालं नाही. पण दुसरा रिकामा बसून पहिल्याच्या चुका काढू लागला, आणि मुहूर्ताच्या वेळी दोघांचं इतकं जुंपलं की अक्षता हातात घेऊन आम्ही अर्धा तास उभे. अण्णा मात्र समाधानात होते. मला म्हणाले, "बघा अक्का, एकच असता आणि तो रुसला असता, तर?"

हे "तर?" त्यांच्या तोंडात कायम असे. ते बेंगळुरूच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज शिवकाळात इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यांच्या मराठीत निम्मी कानडी. मी पुण्याची, तुमच्या आजोबांच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे इथे आलेली. मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या रक्तपेढीत मी नोंदी ठेवत असे. अण्णा तिथले आपत्कालीन समन्वय अधिकारी. ही जागा दुसऱ्या कुणालाच नको होती. लाल बादल्यांत वाळू आहे का ते पाहणं आणि गळ्यात शिट्टी घालणं, एवढंच तिचं काम, असा सगळ्यांचा समज होता. अण्णांचा नव्हता.

नव्या लिफ्टचं उद्घाटन झालं तेव्हा मोठे डॉक्टर आत उभे राहून हसत होते. दार मिटता मिटता अण्णांनी बाहेरून विचारलं, "सर, आणि ही बंद पडली तर?" मोठे डॉक्टर पुढे कधी लिफ्टने गेले नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते सराव घेत. म्हणजे काहीतरी गुपचूप नाहीसं करत. कधी टेलिफोन, कधी किल्ल्या. एकदा मी कामावर आले तर माझं टेबलच जागेवर नव्हतं. अण्णा दारात वही घेऊन उभे.

"आता काम कसं कराल अक्का?"

"आधी तुम्हाला बघून घेईन," मी म्हणाले.

त्यांनी गंभीरपणे वहीत लिहिलं : कर्मचारी रागावतो. काम सुरू होत नाही.

त्यांची आणखी एक पद्धत होती. रक्त देणाऱ्याला कॉफी-बिस्किटं मिळत. पण ज्यांचा गट निगेटिव्ह, म्हणजे दुर्मीळ, त्यांना अण्णा कँटीनमध्ये नेऊन मसाला डोसा देत. "ही माणसं परत यायला हवीत की."

मग कॉम्प्युटर आला. शहरातल्या सगळ्या दात्यांची नावं, गट, पत्ते त्यात गेले. इतर हॉस्पिटलंही आम्हालाच फोन करून दाता विचारत. जुनी रजिस्टरं काढून टाकायचं ठरलं तेव्हा अण्णांनी पाच पानी विरोध लिहून दिला. तोही रजिस्टरांबरोबर रद्दीत गेला. तेव्हा त्यांनी फ्लॉपींवर यादीच्या तीन प्रती करून घेतल्या. एक ऑफिसच्या कपाटात, एक औषधांच्या कोठारात, एक त्यांच्या घरी देवघरात. तिन्ही कधी एका छपराखाली ठेवायच्या नाहीत, हा नियम.

मी त्या वेळी पन्नाशीची होते. जयनगरच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकायला जात असे आणि पोरापोरींमध्ये पहिली येत असे. हे मी सांगितलं असेलच. सगळ्यांना सांगते.

खंडेनवमी आली. तिला इथे आयुधपूजा म्हणतात आणि ती ऑफिसात, गॅरेजात, बसडेपोत, सगळीकडे असते. एसीच्या खोलीबाहेर चपला काढून आम्ही कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली. अण्णांनी वर्षातून एकदा नियम मोडला. तिन्ही प्रती घेऊन आले. आयुध म्हटल्यावर तीही आयुधंच. प्रत्येक फ्लॉपीच्या लेबलाला कुंकवाचं बोट लावलं. गाडीची पूजा झाली की ती चार पावलं चालवायची असते, तसं एकेक फ्लॉपी मशीनमध्ये घालून, स्वल्प चालवून, बाहेर काढली. आम्ही टाळ्या वाजवल्या. चुरमुरे खाल्ले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी कॉम्प्युटर लावला. काळा पडदा, आणि त्यावर काहीच नाही. बंद करून परत लावला. काहीच नाही. पहिली प्रत घातली, ती वाचली जाईना. दुसरी तशीच. अण्णा रिक्षाने घरी जाऊन तिसरी घेऊन आले. तीही तशीच. शहरभरच्या माणसांची नावं, एक नाही. मला दरदरून घाम फुटला, एसीत.

त्याच वेळी प्रसूतीच्या वॉर्डातून सिस्टर धावत आल्या. रत्नम्मा नावाच्या बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. आमच्याकडच्या दोन बाटल्या लागून गेल्या होत्या. आणखी किमान तीन हव्यात, दुपारच्या आत. दुसरीकडे फोन केले, तर तिकडून उत्तर, "यादी तुमच्याकडे आहे ना?"

मी जिन्यापाशी गेले. रत्नम्माची सासू तासाभराचं बाळ पदरात धरून उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, झाडूवाल्यालासुद्धा, विचारत होती, "दादा, तुमचं ओ निगेटिव्ह आहे का?" तो उच्चार ती नुकताच शिकली होती.

अण्णांनी शिट्टी फुंकली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती खरी होती. कॉरिडॉरमध्ये फळा आणवला, खडू घेतला, कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. कँटीनच्या शेट्टींना बोलावलं. पुढचं बोलणं कानडीत झालं, मी मराठीत देते.

"शेट्टी, डोसा कुणी कुणी खाल्ला?"

"कधी?"

"कधीही. नाव नको. माणूस सांगा."

शेट्टींनी डोळे मिटले. "बनशंकरीचा स्कूटर मेकॅनिक. चटणी तीनदा मागितली. एक कॉलेजची मॅडम, भाजी काढून ठेवते. आणि तो जयनगरचा भट्ट, हॉटेलात सांबार करतो. माझा डोसा उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, यातून पेपर वाचता येईल, पण खाता येणार नाही!"

"तिघांचा गट ओ?"

"ते मला काय ठाऊक? मी डोसा बघतो."

ॲम्ब्युलन्सच्या नंजप्पाला मेकॅनिकचं गॅरेज माहीत होतं. त्याने क्लच तिथेच दुरुस्त करून घेतला होता. सिस्टरना मॅडमचं कॉलेज आठवलं. अण्णा फळ्यावर लिहीत होते : कोण, कुठे, कोण आणायला गेलं, किती वाजता. भट्टांच्या हॉटेलात फोन मी लावला. भट्ट ओरडले, "बाई, जेवणाची वेळ आहे! सांबार काय तुम्ही ढवळणार?"

अण्णांनी रिसीव्हर घेतला. "माणूस पाठवतो, भट्टरे." आणि शेट्टींना रिक्षात बसवलं.

"मी? त्याचं सांबार?" शेट्टी किंचाळले.

"नुसतं ढवळायचं. चव बघायची नाही."

तिघेही आले. मॅडमचा गट वेगळा निघाला. पण मेकॅनिकने आपला भाऊ आणला होता, त्याचा जुळला. दुपारी सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "थांबला." रत्नम्मा वाचली. सासू तिथेच फरशीवर बसली. भट्ट घाईघाईने निघाले, कारण सांबाराचं काय झालं असेल या कल्पनेने त्यांना चक्कर येत होती.

चार वाजता कंपनीचा इंजिनियर आला, तमिळ माणूस. आधी कुंकू पाहून त्याने कपाळावर हात मारला. मग म्हणाला, कुंकवाचा दोष नाही, हा व्हायरस आहे. कुणीतरी कुठेतरी बसून मुद्दाम लिहिलेला. तो काही दिवस गप्प बसतो आणि ठरल्या तारखेला सगळं पुसतो. पूजेच्या दिवशी तो मशीनमध्ये होता, म्हणून चालवलेल्या तिन्ही प्रतींत गेला, आणि आज एकेक लावताच त्याही पुसल्या. मी थक्क झाले. ज्याने कधी रत्नम्माला पाहिलं नाही, तिचं नाव ऐकलं नाही, त्याने हे बसून, विचार करून लिहिलं?

"आणि मशीनमध्ये आला कुठून?" अण्णांनी विचारलं.

इंजिनियरने ड्रॉवरमधली एक फ्लॉपी वर धरली. "हिच्यातून. बाहेरच्या कुठल्यातरी मशीनवर वापरलेली आहे. कुणाची?"

ती माझी होती. क्लासमध्ये बसून मी ऑफिसच्या ड्यूट्यांचा तक्ता केला होता आणि वेळ वाचावा म्हणून आणला होता. क्लासमध्ये फ्लॉपींची अदलाबदल होई, म्हणून लेबलावर मी मुद्दाम मराठीत नाव घातलं होतं, पट्टीने दोनदा अधोरेखित करून. इंजिनियरला देवनागरी येत नव्हती. अण्णांना येत होती.

त्यांनी लेबल वाचलं. फ्लॉपी शर्टाच्या खिशात घातली.

"माझी," ते म्हणाले.

मी खरं सांगितलं नाही. त्या क्षणी नाही, आणि चौकशीतही नाही. अण्णांची बदली हेब्बाळकडच्या एका कोठारात झाली, चादरी आणि उशांचे अभ्रे मोजायला. मला मात्र नवी यादी बनवण्याचं काम मिळालं, आणि ती चांगली झाली म्हणून शाबासकी. तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलेली कौतुकाची गोष्ट ती हीच.

दोन महिन्यांनी मी हेब्बाळला गेले. चादरींच्या ढिगांमध्ये अण्णा स्टुलावर बसले होते. मी म्हणाले, "अण्णा, मी उद्या सगळं लिहून देते."

"सरी, द्या लिहून. आणि यादी कोण टंकणार? तुमच्या वयाच्या बाईला परत कुणी मशीनला हात लावू देतील काय?"

"पण तुमची शिक्षा..."

"प्रती मीच चालवल्या की अक्का, टाळ्या वाजवून घेत." मग त्यांनी एक शाळेची वही काढली. त्यात दुर्मीळ गटाच्या माणसांची नावं होती, हाताने लिहिलेली. दर रविवारी ते एकेकाच्या घरी जाऊन पत्ता खरा आहे का ते बघत. "लोक घर बदलतात." चादरीची घडी सारखी करत म्हणाले, "मला तर घरी कुणी नाही. बायको गेल्याला बारा वर्षं झाली. मुलं झाली नाहीत. यांच्या घरी 'बसा' म्हणतात. कॉफी देतात. रविवार जातो."

अण्णा गेले तेव्हा त्यांच्या भाचीने ती वही मला आणून दिली. वर चिठ्ठी : 'अक्कांना.' तेव्हापासून रविवारी सकाळी, तुमचा फोन यायच्या आधी, मी ती उघडते आणि दोघातिघांना फोन करते. त्यातलं कुणीही आता रक्त देण्याच्या वयाचं राहिलेलं नाही. भट्टांना तर ऐकूही नीट येत नाही, तरी सांबाराबद्दल बोलतात.

वहीतली सतरा माणसं अजून आहेत.