आप्पासाहेबांची चिमिनिया आणि बयाक्का घोरपड

एका जंगलात, बाळांनो, थंडी कडाक्याची पडायची. पण त्या जंगलात तोवर एकही समिती नेमलेली नव्हती, त्यामुळे ऊब सगळ्यांना मिळायची.

दिवस मावळला की ओढ्याकाठच्या मोकळ्या जागेत शेकोटी पेटे. येणाऱ्यानं येताना एखादी काटकी आणायची आणि कोंडाळं करून बसायचं, एवढाच रिवाज. शेकोटीला पुढची बाजू नसते, मागचीही नसते. त्यामुळे कोण कुठे बसलं याची चौकशी कुणी करत नसे.

सगळ्यांत आधी यायची बयाक्का घोरपड. घोरपडीचं रक्त थंड असतं, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. अस्वलाला थंडी वाजते म्हणजे त्याला जरा गार वाटतं. घोरपडीला थंडी वाजते तेव्हा ती हलायचीच थांबते. पाय आखडतात, शेपूट ताठ होते, डोळे मिटतात आणि वेळेवर ऊब नाही मिळाली तर मिटलेलेच राहतात. बाकीच्यांना शेकोटी म्हणजे मौज होती. बयाक्का तिच्यावर जगत होती.

ऊब लागली की मात्र बयाक्काचं तोंड सुरू व्हायचं. कुणाच्या बिळात कोण राहायला आलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं तिला ठाऊक. तिचं ऐकायलाच निम्मं जंगल यायचं. उरलेलं निम्मं आपल्याबद्दल ती काय सांगते ते बघायला यायचं.

एका संध्याकाळी शेकोटीतलं एक ओलं लाकूड तडतडलं. ठिणगी उडाली ती थेट आप्पासाहेब अस्वलांच्या पाठीवर. आप्पासाहेब म्हणजे जंगलातलं वजनदार प्रस्थ, आणि हे मी दोन्ही अर्थांनी नाही, सरळच सांगतोय, ते फार जाड होते. ठिणगी विझेपर्यंत त्यांच्या पाठीवर भाकरीएवढं टक्कल पडलं.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. बयाक्का तेवढी हसली.

"चांगलं झालं की आप्पा," ती म्हणाली. "आता तू पाठ फिरवून गेलास तरी वळखू येशील."

आप्पासाहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेकोटी सुरक्षा समिती नेमली.

समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब. सदस्य नरहरी वानर आणि केरबा तरस. नरहरी झाडावर राहत असल्यामुळे त्याला सगळ्यातलं वरवरचं कळायचं. केरबाला दिलेला नियम पाळता यायचा. तिघांच्याही अंगावर दाट केस होते. बिनकेसाचं कुणी समितीत नव्हतं, कारण बैठक भल्या सकाळी असायची आणि त्या गारठ्यात बेडूक, साप, घोरपडी बिळातून बाहेरच पडू शकत नसत. गैरहजर राहणाऱ्यांना थंडीच्या प्रश्नात रस नाही, असं समितीचं मत झालं.

उघडी शेकोटी धोक्याची आहे, हे एकमतानं ठरलं. मग तिच्या जागी काय, हा प्रश्न आला.

"जंगलाच्या वेशीवर ते नवं रिसॉर्ट झालंय ना," नरहरी म्हणाला, "तिथं अंगणात एक वस्तू मी पाहिली. पोट रांजणासारखं, वर लांब मान, आणि पोटाला पुढून एक तोंड. त्या तोंडातून लाकडं घालतात. धूर मानेतून वर जातो आणि ठिणगी आतल्या आत राहते. चिमिनिया म्हणतात तिला."

"पोट रांजणासारखं?" आप्पासाहेबांनी विचारलं. त्यांना ती वस्तू न बघताच आवडली.

आता चिमिनिया लोखंडी घ्यायची की मातीची, यावर बरेच दिवस खल झाला. केरबा लोखंडाच्या बाजूचा होता. लोखंड तडकत नाही, कुणी लाथ मारली तरी उभं राहतं, असं त्याचं म्हणणं. नरहरी म्हणाला की लोखंड गंजतं, आणि तापल्यावर चुकून शेपटी लागली तर शेपटी तिथेच राहते. मातीची चिमिनिया अंगाला सोसेल अशी ऊब देते आणि दिसायलाही बरी. फक्त जपावी लागते.

"जपायला आपण आहोतच," आप्पासाहेब म्हणाले आणि मातीची ठरली.

डोंगराच्या पायथ्याशी एक कुंभार होता. त्याला मधाचं एक पोळं देऊन नरहरीनं चिमिनिया करवून आणली. कुंभारानं तिच्याबरोबर चार गोष्टी सांगून पाठवल्या. तळाला वाळू भरा. पहिले काही दिवस काड्यांचीच आच द्या, मग हळूहळू वाढवा. लाकूड जुनं आणि सुकं वापरा. तापलेल्या चिमिनियेला पाणी लावू नका, तिला हलवूही नका. रात्री पूर्ण गार झाली की झाकून ठेवा, आणि ठेवाल तिथं जमीन सपाट हवी, वर फांदी नको.

शेवटच्या अटीनं समितीला घाम फोडला. जंगलात वर फांदी नसलेली जागा शोधायची म्हणजे काय, तुम्हीच सांगा. ओढ्याकाठची जुनी जागा मोकळी होती, पण तिथं उतार निघाला. शेवटी टेकडीच्या माथ्यावर एक सपाट कातळ सापडला. वर आभाळ, खाली दगड. जागा अगदी सुरक्षित होती. तिथं वारा इतका झोंबायचा की पूर्वी त्या बाजूला कुणी फिरकत नसे, एवढीच अडचण.

जुनी शेकोटी त्याच दिवशी बंद झाली. उद्घाटनाला बयाक्का दुपारच्या उन्हातच निघाली, तेव्हा कुठे संध्याकाळपर्यंत वर पोचली.

वर पोचल्यावर तिला पहिला धक्का बसला. चिमिनियेला तोंड एकच होतं, आणि त्या तोंडासमोर आप्पासाहेब बसले होते. त्यांच्या एका बाजूला नरहरी, दुसऱ्या बाजूला केरबा. आतून जेवढी ऊब बाहेर येत होती तेवढी आप्पासाहेबांच्या पोटावर संपत होती. मागे बसलेल्या जंगलाला आप्पासाहेबांची पाठ आणि तिच्यावरचं टक्कल दिसत होतं.

"आप्पा, जरा सरकतोस का?" बयाक्का म्हणाली.

"बयाक्का, हे उद्घाटन आहे," आप्पासाहेब म्हणाले. "बसण्याचा क्रम ठरलेला आहे."

बयाक्का वळसा घालून चिमिनियेच्या मागच्या अंगाला गेली. माती बाहेरूनही छान कोमट झाली होती. बयाक्कानं चारही पायांनी तिला मिठी मारली आणि डोळे मिटले. घोरपडीची पकड तुम्हाला ठाऊकच आहे. कड्याला चिकटली तर तिला दोर बांधून माणूस वर चढतो म्हणतात.

इकडे पूजा सुरू झाली. चिमिनियेला हळदकुंकू लावलं, रानफुलांचा हार गळ्यात घातला. नारळ नरहरीनं चिमिनियेवर फोडला नाही, कातळावर फोडला. इतकी समज त्याला होती. मग त्यानं करवंटीतलं पाणी चिमिनियेवर शिंपडायला हात उचलला.

"अरे, पाणी लावू नका असं कुंभार म्हणाला होता ना?" केरबानं विचारलं.

"हे पाणी नव्हे, तीर्थ आहे," नरहरी म्हणाला, आणि त्यानं सगळी करवंटी ओतली.

टच्च असा आवाज झाला. मानेपासून पोटापर्यंत एक बारीक तडा गेला. नरहरीनं करवंटी पाठीमागे लपवली. आप्पासाहेब उठून मागच्या बाजूला गेले, तर तिथं बयाक्का चिमिनियेला मिठी मारून बसलेली.

"सापडलं कारण," आप्पासाहेब म्हणाले.

बयाक्कानं परोपरीनं सांगितलं की मी नुसती टेकले होते, तडा वरून आलाय, पाणी ओतलं तिथून. पण तीर्थानं तडा जातो असं म्हणायची हिंमत त्या जंगलात कुणाला होणार? सगुणा भेकरीनं सगळं पाहिलं होतं. ती बयाक्काची जुनी मैत्रीण. पण तिलाही त्या घोळक्यात कातळाच्या फटीतलं गवत खूप महत्त्वाचं वाटू लागलं आणि ती खाली बघत चरत राहिली.

समितीनं तड्यात माती लिंपली आणि नवे नियम केले. चिमिनियेला कुणी हात लावायचा नाही. खरखरीत कातडीच्या प्राण्यांनी शेवटच्या रांगेच्याही मागे बसायचं. आच मंदच राहील, वाढवायची की नाही ते समिती ठरवेल. लाकूड केरबा स्वतः तपासून निवडेल: जुनं, सुकं, कठीण, आणि ठोकल्यावर खणखणीत वाजणारं.

"आप्पा, मला पुढं बसू दे रं," बयाक्का दुसऱ्या दिवशी म्हणाली. तिचा आवाज आधीच जड झाला होता. "बाकीच्यांचं मी म्हणत न्हाई. पर मी हितं मागं बसले तर मरंन."

"तुमची भावना समितीपर्यंत पोचली आहे," आप्पासाहेब म्हणाले, आणि पोट शेकायला पुढे वळले.

मला इथं आप्पासाहेबांचा राग येतो. गोष्ट सांगणाऱ्यानं रागावू नये म्हणतात, पण येतो.

बयाक्का मागे बसली. वारा माथ्यावरून सरळ तिच्या अंगावर येत होता. थोडा आडोसा मिळावा म्हणून ती सरपटत लाकडांच्या ढिगाशी गेली. तिथं तिचे पुढचे पाय आखडले, मग मागचे. शेपूट ताठ झाली. कुणाला तरी हाक मारावी असं तिच्या मनात आलं, पण जीभ हलली नाही. वाऱ्यानं तिच्यावर थोडा पालापाचोळा आणून टाकला.

तेवढ्यात केरबा लाकूड निवडायला आला.

त्यानं ढिगातून एकेक लाकूड नियमाप्रमाणे तपासलं. हे ओलं. हे कोवळं. हे पोकळ. मग त्याचा हात बयाक्कावर पडला. जुनं, सुकं, कठीण. त्यानं ठोकून पाहिलं. बयाक्का खणखणीत वाजली.

"असं लाकूड आजवर मिळालं नव्हतं," केरबा आप्पासाहेबांना म्हणाला, आणि त्यानं बयाक्काला आणून चिमिनियेच्या तोंडात घातलं.

नाक आत गेलं, मान आत गेली, आणि निखारे वीतभर लांब असतानाच खांद्याशी गाडी अडली.

"जाड आहे," नरहरी म्हणाला. "आणि लांबही. मावायचं नाही."

"तोडून घालू," केरबा म्हणाला आणि कुऱ्हाड बघू लागला.

"थांबा," आप्पासाहेब म्हणाले. "लाकूड तोडण्याबद्दल नियमात काही नाही. तोडताना ढलपी उडून कुणाला लागली तर जबाबदार कोण? हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ. तोवर हे लाकूड समितीच्या नजरेसमोर राहू दे. आणि दवानं भिजू देऊ नका, असं लाकूड पुन्हा मिळायचं नाही."

केरबानं बयाक्काला बाहेर ओढलं आणि चिमिनियेच्या तोंडासमोर, आप्पासाहेबांच्याही पुढे, उबेला नीट ठेवून दिलं.

हळूहळू ऊब बयाक्काच्या पाठीत उतरली. मग पायांत आली. तिनं एक डोळा किलकिला केला. समोर निखारे होते, मागे आप्पासाहेबांचं पोट. कित्येक दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. सवयीनं तिनं तोंड उघडलं. "अरं मेल्यांनो, मी लाकूड न्हवं, बयाक्का हाय," असं ती म्हणणार होती.

आणि मग तिला शेवटच्या रांगेमागची जागा आठवली. तिनं तोंड मिटलं.

पुढच्या बैठकीत विषय निघाला, तेव्हा कुऱ्हाड मातीच्या चिमिनियेजवळ आणणं सुरक्षित आहे का, यावर मतभेद झाले. त्यामुळे तो त्याच्या पुढच्या बैठकीवर गेला. तिथून तो आणखी पुढे गेला. बयाक्का दुपारी उन्हात जरा हिंडून यायची, चार किडे खायची आणि ऊन कलायच्या आत ढिगात येऊन पडायची. संध्याकाळी केरबा तिला अदबीनं उचलून पुढे आणून ठेवायचा. आप्पासाहेब स्वतः तिच्यावरचा पाचोळा झटकायचे.

थंडी सरत आली तेव्हा समितीनं सभा घेतली. एकही ठिणगी उडाली नाही, कुणाचा एक केस जळाला नाही, असं आप्पासाहेबांनी जाहीर केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी अंग जरा गरम झालं म्हणून काहींनी जास्तच वाजवल्या.

मागच्या रांगेतून सगुणा भेकरी चाचरत उठली.

"बयाक्का बरेच दिवस दिसल्या नाहीत," ती म्हणाली. "त्या गेल्या तर नाहीत ना? तेव्हा सगळं पाहूनही मी बोलले नाही... मला रात्री झोप लागत नाही."

"घोरपडींकडून या वर्षी एकही तक्रार आलेली नाही," आप्पासाहेब म्हणाले. "त्या अर्थी बयाक्का सुखात असणार."

सगुणा खाली बसली आणि रडू लागली. बयाक्का तिच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. 'सगुणे, जिती हाय गं मी,' एवढंच तिला म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण माथ्यावरचा वारा अजून गार होता आणि समोर निखारे छान फुलले होते.

लाकूड गप्प राहिलं.

तात्पर्य: बाळांनो, समितीला कुडकुडणारं जनावर दिसत नाही, पण नियमात बसणारं लाकूड लगेच दिसतं. म्हणून ऊब हवी असेल तर मागू नका. जुनं, सुकं आणि कठीण व्हा, कुणी ठोकलं तर खणखणीत वाजा, आणि आपली माणसं आपल्यासाठी रडताना ऐकू आली तरी हूं की चूं करू नका. अशांना पुढची जागा मिळते.

आणि तापलेल्या मातीवर नारळाचं पाणी ओतू नका. तेही पाणीच असतं.